दाबलं की चालू, सोडलं की बंद: ड्राय सोल्डरचा बंदोबस्त

डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा मोसम आला की ओळखीपाळखीची मुलं बोर्ड घेऊन येतात. कुणाचा पाण्याच्या टाकीचा अलार्म, कुणाचा क्लॅप स्विच, कुणाचा ७८०५ या रेग्युलेटर आयसीवर केलेला पाच व्होल्टचा सप्लाय. बोर्ड वेगळे, तक्रार एकच: "काल टेबलावर मस्त चालत होतं, डबीत बसवलं आणि बंद पडलं. इथे बोटानं दाबलं की चालू होतं." तोवर आयसी बदलून झालेला असतो, ट्रान्झिस्टर बदलून झालेले असतात, ज्या व्हिडिओवरून सर्किट घेतलं त्याला शिव्या घालून झालेल्या असतात. बोर्ड उलटा करून खालची बाजू मात्र कुणी नीट पाहिलेली नसते.

दाबल्यावर चालू होणारं सर्किट म्हणजे बहुतेक वेळा ड्राय सोल्डर. पार्ट ठीक आहे, सर्किट ठीक आहे, पण कुठला तरी एक पाय सोल्डरच्या गोळ्यात नुसता उभा आहे, जोडलेला नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला पाठीत धपाटा घातला की चित्र परत यायचं, त्यातही अनेकदा हाच रोग असायचा. फरक इतकाच, की तिथे फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरचे (पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या पार्टचे) जाड पाय वर्षानुवर्षं तापून-गार होऊन सोल्डरला पायाभोवती गोल चीर पडायची. नव्या बोर्डावरचा ड्राय जॉइंट जन्मतःच ड्राय असतो. तो करतानाच तसा झालेला असतो, आणि एक झाला असेल तर आणखी पाच झालेले असतात, कारण हात तोच असतो.

आधी नेमका जॉइंट शोधा

सगळेच जॉइंट पुन्हा गरम करत सुटू नका. त्यानं एखादा बरा होतो आणि दोन नवे बिघडतात. सप्लाय चालू ठेवून लाकडी आइस्क्रीमच्या काडीनं पार्ट एकेक करून हलकेच हलवा. हे फक्त बॅटरीवर किंवा ॲडॉप्टरवर चालणाऱ्या बोर्डासाठी. चार्जर, एसएमपीएस पॉवर सप्लाय, टीव्ही असल्या थेट मेन्सवरच्या बोर्डावर चालू स्थितीत काडीसुद्धा लावायची नाही. त्यातला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टच्या लाइनवर जवळजवळ ३२५ व्होल्टला चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच भरलेला राहू शकतो.

काडी ज्या भागात लावल्यावर एलईडी लुकलुकतो तिथला बोर्ड उलटा करा आणि भिंगाखाली घ्या. घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तमच, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं. प्रकाश वरून नको, कडेनं तिरपा पाडा.

काय बघायचं? चांगल्या जॉइंटमध्ये सोल्डर पॅडवर (भोकाभोवतीच्या तांब्याच्या टिकलीवर) पसरलेलं असतं आणि पायावर चढलेलं असतं, दोन्हीकडे कडा निमुळती होत जाते. वाईट जॉइंट दोन तऱ्हांचा दिसतो. एकात सोल्डर पायाला चिकटलेलं असतं पण पॅडवर नुसतं टेकलेलं, कडा गोल होऊन आत वळलेली. दुसऱ्यात पॅडवर छान पसरलेलं असतं, पण पायाभोवती केसाएवढी काळी किंवा पिवळसर रेघ दिसते. ती पिवळसर रेघ म्हणजे जळून अडकलेला रोझिन, सोल्डर वायरच्या पोटातली राळ. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण वरवर पाहता जॉइंट चकचकीत आणि गुटगुटीत दिसतो.

चकाकीवर भरवसा ठेवू नका, हे इथेच सांगून टाकतो. "चमकतं ते चांगलं" हा नियम शिसंवाल्या सोल्डरला बऱ्यापैकी लागू पडतो. पण आजकाल तयार बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं. युरोपात जुलै २००६ पासून आणि भारतात ई-कचऱ्याच्या नियमांमुळे मे २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर मर्यादा आहे. हे बिनशिशाचं सोल्डर चांगलं बसलं तरी थोडं मळकट, दाणेदार दिसतं. बाजारातून आणलेल्या मोड्यूलवरचे जॉइंट मळकट दिसले म्हणून ते पुन्हा करत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बघायची ती कड: पसरली आहे की वळली आहे.

आता सप्लाय बंद करून मल्टिमीटर. इथे जवळजवळ सगळे फसतात. मीटर बीपवर ठेवतात, एक प्रोब सोल्डरच्या गोळ्यावर, दुसरा ट्रॅकवर (पार्ट जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर), बीप वाजला, म्हणजे जॉइंट चांगला. नाही! प्रोब गोळ्यावर दाबला की तुमच्या हाताच्या दाबानंच पाय आणि सोल्डर टेकतात. सर्किट बोटानं दाबल्यावर चालतं, तेच इथे मीटरच्या टोकानं चाललेलं असतं. त्यामुळे एक प्रोब वरच्या बाजूला, पार्टच्या उघड्या पायाला लावा, दुसरा प्रोब ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे पुढच्या पार्टच्या जॉइंटवर. संशयित गोळ्याला हात लावायचाच नाही. आता काडीनं पार्ट हलवा. बीप तुटला की चोर सापडला.

सोल्डर का पकडत नाही

सोल्डर हा गोंद नव्हे. वितळलेल्या सोल्डरमधलं कथील गरम तांब्याला भिडलं की दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील यांचा मिळून एक अतिशय पातळ थर तयार होतो, आणि जॉइंट म्हणजे खरं तर तो थर. तो होण्यासाठी दोनच गोष्टी लागतात: पॅड आणि पाय दोन्ही वितळबिंदूच्या वर तापलेले हवेत, आणि दोघांवर गंजाचा पापुद्रा नको. तापवायचं काम बिटचं, म्हणजे सोल्डरिंग गनच्या तापणाऱ्या टोकाचं, पापुद्रा काढायचं काम फ्लक्सचं, म्हणजे रोझिनसारख्या पदार्थाचं. कल्हईवाला भांडं आधी भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, आणि मग कथील फिरवतो. थंड भांड्यावर वितळलेलं कथील ओतून ते कापडानं पुसत बसलेला कल्हईवाला कुणी पाहिला आहे का? आपल्या टेबलावर मात्र नेमकं हेच चालतं.

म्हणजे असं: एका हातात गन, दुसऱ्या हातानं बोर्ड धरलेला. तिसरा हात नाही. मग बिटच्या टोकावर सोल्डर वितळवून गोळा उचलायचा आणि तो जॉइंटवर नेऊन पुसायचा. दिसायला काम झालेलं दिसतं. पण सोल्डर वायरच्या पोटात जो रोझिन भरलेला असतो तो बिटवर वितळताक्षणी धूर होऊन निघून जातो. बोर्डापर्यंत पोचेतो फक्त धातूचा गोळा उरलेला असतो, त्यात फ्लक्स नाही. आणि पॅड अजून थंड. तो गोळा पॅडवर टेकतो, वरून गार होतो आणि बसून राहतो. नवख्यांच्या बोर्डावरच्या ड्राय जॉइंटचं मला सर्वांत जास्त दिसलेलं कारण हेच.

दुसरा हात मोकळा करणं हा यावरचा पहिला उपाय, आणि त्याला खर्च नाही. बोर्ड टेबलावर उलटा ठेवा, पार्ट खाली पडू नयेत म्हणून पाय सोल्डरच्या बाजूनं थोडे फाकवा किंवा वरून कागदी चिकटपट्टी लावा. कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांतही बोर्ड उभा राहतो. बुटके पार्ट आधी, उंच नंतर: आधी रेझिस्टर आणि डायोड, मग आयसी बेस (आयसी खुपसायचं सॉकेट), मग कपॅसिटर आणि टर्मिनल. उलटं केलंत तर रेझिस्टर खाली लोंबकळतात आणि मग परत हातानं धरायची वेळ येते.

तीन सेकंदांचं काम

बिट पुसा आणि त्यावर चिमूटभर, अगदी मोहरीएवढं सोल्डर घ्या. हे सोल्डर जोडण्यासाठी नाही. कोरडं बिट आणि कोरडा पॅड एकमेकांना एका टिंबावर टेकतात, त्यातून उष्णता जात नाही. मध्ये वितळलेला थेंब असला की तो दोन्हीकडे पसरून उष्णता पोचवतो. मग बिट अशा कोपऱ्यात टेकवा, की ते पॅडलाही लागेल आणि पायालाही. टोक नाही, टोकाची कूस लावायची. साधारण एक सेकंद थांबा. आता सोल्डर वायर दुसऱ्या बाजूनं आणा, बिटला न लावता, पाय आणि पॅड मिळतात तिथे.

पुढे जे होतं ते एकदा नीट बघून ठेवा, म्हणजे आयुष्यभर ड्राय जॉइंट ओळखाल. जॉइंट पुरेसा तापलेला असेल तर वायर टेकताच वितळते, आणि सोल्डर क्षणभर थबकून एकदम सपकन पॅडभर पसरतं. तो सपकन पसरायचा क्षण आला नाही तर जॉइंट झाला नाही, मग वर कितीही सोल्डर चढवा. पसरलं की आधी वायर काढा, मग बिट. उलट केलंत तर वायर जॉइंटलाच चिकटून बसते. बिट काढल्यावर दोनेक सेकंद पार्टला हात लावू नका, बोर्ड हलवू नका आणि फुंकर तर अजिबात मारू नका. गोठता गोठता पाय हलला तर आत भेगा पडतात आणि वरचा पृष्ठभाग खरबरीत, चुरगळल्यासारखा होतो.

सगळं मिळून दोन ते तीन सेकंद. पाच सेकंदांत झालं नाही तर बिट उचला, जॉइंट गार होऊ द्या, आणि काय चुकतंय ते शोधा. रेटत राहिलात तर फ्लक्स जळून जातो, पॅडखालचा चिकटा सुटतो आणि पॅड उचलला जातो. ब्राउन हायलमचे झिरो पीसीबी (नुसती भोकं आणि पॅड असलेले तयार बोर्ड) या बाबतीत फारच नाजूक, हिरवा ग्लास इपॉक्सी बोर्ड त्या मानानं सोसतो. पहिल्या प्रोजेक्टला चार पैसे जास्त देऊन ग्लास इपॉक्सीचाच झिरो पीसीबी घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. शिकणाऱ्याकडून जॉइंट दोनदा गरम होणारच.

"मी हे सगळं करतो, तरी वितळतच नाही"

मग बिट बघा. काळं पडलं असेल तर ते तापलेलं असूनही उष्णता देत नाही. सोल्डर त्यावर टेकवलं तर मण्यासारखं घरंगळून पडतं. काळा थर म्हणजे ऑक्साइड आणि जळका फ्लक्स. आता इथे एक भानगड आहे. साध्या गनमध्ये कधी निव्वळ तांब्याचं बिट असतं, कधी लोखंडाचा मुलामा दिलेलं. तांब्याचं बिट कानशीनं घासून पुन्हा टोकदार करता येतं. मुलाम्याच्या बिटवर कानस फिरवली की मुलामा जातो, आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळायला लागतं आणि थोड्याच दिवसांत टोकाला खड्डा पडतो. कुठलं आहे ते कळत नसेल तर थंड बिटला चुंबक लावून बघा. चिकटलं तर मुलामा आहे, कानस बाजूला ठेवा. असं बिट पितळी तारेच्या चोथ्यात खुपसून साफ करा, लगेच त्यावर फ्लक्स आणि भरपूर ताजं सोल्डर लावा, पुसा, पुन्हा लावा. चारपाच वेळा केलं की बहुतेक काळी बिटं परत पांढरी होतात. ओला स्पंज वापरत असाल तर तो ओलसर हवा, पाणी निथळणारा नको.

बिट काळं पडतं ते वापरून नाही, मोकळं तापत ठेवून. साध्या २५ वॅटच्या गनला तापमानाचं नियंत्रण नसतं. ती प्लगला लावून तुम्ही जेवायला गेलात की टोक तापतच राहतं. म्हणून ठेवताना बिटवर सोल्डरचा थर ठेवूनच ठेवा आणि बंद करतानाही शेवटचं काम तेच: न पुसता, वर सोल्डर लावून प्लग काढा. गंज चढायचा तो त्या थरावर चढेल. पुढच्या वेळी तो पुसला की खाली बिट ताजं.

बिट स्वच्छ आहे तरी ताकद कमी वाटते? लाइनचं व्होल्टेज मोजा. ही गोष्ट शहरातल्या मुलांना सुचत नाही, गावाकडच्यांना पटकन कळते. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की लाइन २३० वरून १८० पर्यंत खाली येणं काही नवीन नाही. गनच्या आत नुसतं हीटिंग एलिमेंट असतं, आणि त्याची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० ला २५ वॅटची गन जेमतेम १५ वॅटची होते. दुपारी ज्या गननं सुंदर जॉइंट केले तीच रात्री सोल्डर नुसतं मऊ करते. अशा वेळी ३५ किंवा ४० वॅटची गन घ्या, किंवा काम दुपारी करा. तापमान राखणारं स्टेशन परवडत असेल तर प्रश्नच मिटतो: शिसंवाल्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश, बिनशिशाच्याला ३५० ते ३८०. त्याहून वर नेऊन वेग वाढत नाही, फ्लक्स लवकर जळतो.

आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. फुल स्पीडच्या वाऱ्यात बारीक बिटचं टोक आणि पॅड दोन्ही गार पडतात. उकडतं, मान्य आहे. टेबलफॅन लांब ठेवून धूर बाजूला जाईल असा लावा. हा धूर रोझिनचा असतो, शिशाचा नव्हे. गनच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. पण रोझिनच्या धुरानंही दमा बळावतो, तेव्हा तोंड जॉइंटच्या बरोब्बर वर धरू नका. शिसं पोटात जातं ते हाताला लागून, म्हणून काम संपल्यावर साबणानं हात धुवायचे आणि काम चालू असताना त्याच हातानं वडापाव खायचा नाही.

वायरची रीळ उलटून वाचा

मला वाटतं, नवख्यांचा जितका वेळ खराब सोल्डर वायरनं खाल्ला तितका खराब गननं खाल्ला नसेल. रिळावर ६०/४० लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या रिळांवर पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे स्वस्तातल्या रिळावर ४०/६० असतं आणि घाईत आकडे उलटे वाचले जातात.

फरक काय पडतो बघा. ६३/३७ हे मिश्रण नेमकं १८३ अंशाला वितळतं आणि १८३ लाच गोठतं, मधली अवस्थाच नाही. ६०/४० ला पूर्ण वितळायला १९० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे लगदा राहायची पट्टी अगदी अरुंद. ४०/६० मात्र १८३ ला मऊ व्हायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला जवळजवळ २३८ अंश लागतात. गार होताना तो सगळा पन्नास-पंचावन्न अंशांचा टप्पा तो जॉइंट चिखलासारखा असतो. तेवढ्यात हात हलला, पार्ट डुगडुगला, की जॉइंट आतून फुटला. कसलेला हात असेल तर ४०/६० वर काम निघतं, पण ते पत्र्याच्या आणि जाड वायरच्या कामाला ठीक. शिकणाऱ्यानं ६३/३७ किंवा ६०/४० घ्यावी, ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, रोझिन भरलेली. बिनशिशाची वायर १८३ ऐवजी २१७ ते २२७ अंशाला वितळते आणि मनासारखी पसरत नाही, त्यामुळे शिकताना ती नको. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर नुसतं "सोल्डर वायर द्या" म्हणू नका. आकडा आणि जाडी सांगून मागा, आणि हातात आल्यावर रीळ वाचा.

फ्लक्सचंही तसंच. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाचं ॲसिड फ्लक्स सोल्डर झकास पकडवतं, पण त्यातलं झिंक क्लोराइड बोर्डावर राहिलं तर पावसाळ्याची दमट हवा लागून ट्रॅक हिरवे पडतात आणि पातळ ट्रॅक खाल्ले जातात. बोर्डाला रोझिनचंच फ्लक्स लावा. बिरोजाचा खडा कुटून आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये विरघळवला तरी काम भागतं. नंतर त्याच अल्कोहोलनं आणि जुन्या टूथब्रशनं बोर्ड घासून घ्या.

पाय आणि पॅड

दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेल्या रेझिस्टरचे पाय काळपट झालेले असतात. कोकणात, खाऱ्या हवेत, त्याहूनही लवकर होतात. झिरो पीसीबीचं उघडं तांबं तपकिरी होतं. वायरमधला थोडासा रोझिन हलका पापुद्रा काढू शकतो, एवढा जाड नाही. पॅडवर खोडरबर फिरवा, पाय ब्लेडच्या मागच्या धारेनं खरवडा, आणि त्यावर आधीच सोल्डरचा हलका थर देऊन मग बसवा. साफ केलेल्या पॅडवर बोट फिरवून "गुळगुळीत झालं का" हे बघायचा मोह आवरा. घाम आणि तेल परत लागतं.

काही गोष्टींवर सोल्डर पकडतच नाही, तुमचा हात कितीही चांगला असो. वाइंडिंग वायरवर लाखेसारखा थर असतो, तो खरवडल्याशिवाय उपयोग नाही. इअरफोनच्या केबलमधल्या केसासारख्या रंगीत तारांवरही तसाच थर असतो. स्वस्त स्पीकर वायरमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. तो खरवडला किंवा जास्त वेळ तापवला की आतलं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि सोल्डर घसरतं. वायर सोलून एक तार कापून बघा, कापलेल्या टोकाला पांढरी दिसली तर ती बोर्डाला वापरू नका.

फक्त ग्राउंडचाच पाय का अडतो

बाकी सगळे पाय सुरेख, आणि ग्राउंडला तेवढा गोळा. तयार छापलेल्या बोर्डावर ही हमखास तक्रार. ग्राउंडचा पॅड तांब्याच्या मोठ्या पसरट पट्ट्याला जोडलेला असतो, तो तुमची उष्णता ओढून घेतो. बारीक पेन्सिल टोकाचं बिट इथे हरतं, तापमान ४५० ला नेलं तरी. इथे चपटं, अडीच मिलिमीटर रुंदीच्या आसपासचं छिन्नीसारखं बिट लागतं, कारण जास्त पृष्ठभाग टेकला की जास्त उष्णता जाते. माझ्या टेबलावर बारीक टोक क्वचितच चढतं, रोजचं काम चपट्यावरच होतं. फ्लक्स लावा, बिटवर नेहमीपेक्षा मोठा थेंब घ्या, आणि या एकाच पायाला चारपाच सेकंद द्या. आरपार मुलाम्याच्या भोकात सोल्डर वरच्या बाजूनं डोकावलं की समजा झालं. जमत नसेल तर हेअर ड्रायरनं बोर्डाचा तो कोपरा खालून आधी कोमट करून घ्या.

सापडलेला जॉइंट बरा करताना

नुसतं बिट टेकवून जुनं सोल्डर वितळवलं तर तात्पुरतं बरं वाटतं आणि आठवड्यानं तक्रार परत येते. जुन्या सोल्डरमध्ये फ्लक्स उरलेला नसतो. गोळा छोटा असेल तर त्यावर फ्लक्स लावा, तापवा आणि थोडी ताजी वायर भरा. मोठा असेल, किंवा भोवती ती पिवळी-काळी रेघ असेल, तर सकरनं (सोल्डर ओढायच्या पिचकारीनं) किंवा विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं) सगळं ओढून काढा, पाय आणि पॅड साफ करा आणि नव्यानं सुरुवात करा. विक वापरताना तिलाही फ्लक्स लावा, आणि बिट व विक एकदमच उचला. विक पॅडवर गोठली आणि तुम्ही ती ओढलीत, तर पॅड तिच्याबरोबर येतो.

पॅड आलाच, तर बोर्ड फेकू नका. पार्टचा पाय वाकवून ट्रॅकवर आडवा निजवा, ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडनं अर्धा सेंटिमीटर खरवडा आणि तिथे सोल्डर करा. ट्रॅकही तुटला असेल तर कापलेल्या रेझिस्टरच्या पायाचा तुकडा जंपर म्हणून चालतो.

शेजारच्या दोन पिनांमध्ये पूल झाला असेल तर चाकूनं खरडू नका. फ्लक्स लावून पुसलेलं स्वच्छ बिट दोन्हींच्या मधून एकदा खाली ओढा, जास्तीचं सोल्डर बिटवर येतं. आयसी थेट सोल्डर न करता बेस लावा, आणि बेसचे पाय ओळीनं न करता समोरासमोरचे आलटून-पालटून करा, म्हणजे प्लॅस्टिक वितळत नाही.

आता डबीत बसवल्यावरच बंद का पडतं, हे राहिलं. डबीत बोर्ड स्क्रूनं ताणला जातो आणि बाहेर जाणाऱ्या वायरी ओढल्या जातात. ड्राय जॉइंट टेबलावर नुसता टेकून चालत होता, तो ताणानं सुटतो. त्यातही बाहेरच्या वायरींचे जॉइंट पहिले तपासा. मल्टिस्ट्रँड वायर सोल्डर केल्यावर सोल्डर जिथे संपतं तिथेच ती कडक होते आणि वाकवली की तिथेच, प्लॅस्टिकच्या आत, तुटते. बाहेरून धड दिसते. वायर चिमट्यात धरून हलकेच ओढून बघा, प्लॅस्टिक लांबत असेल तर आत तार तुटली आहे. नवी जोडा आणि पुढे एक सेंटिमीटरवर गरम ग्लूचा थेंब देऊन ती बोर्डाला पक्की करा.

हे सगळं झालं, प्रत्येक कड पसरलेली दिसते आहे, काडीनं हलवलं तरी बीप तुटत नाही, आणि तरीही टाकीचा अलार्म वाजत नाही, तर गन बाजूला ठेवा. आता दोष सोल्डरचा नाही. ट्रान्झिस्टरवरचा नंबर वाचा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदारानं त्याऐवजी "हाच चालतो" म्हणून २एन ३९०४ दिला असेल तर तो चालतो खरा, पण त्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असतात. तो उलटा फिरवून लावायचा.